जुन्या ओमनीत कूलर बसवताना

यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात लग्नाला जायचं म्हणजे परतीच्या वेळी ऊन डोक्यावर असणारच. मुहूर्त अकराचा असला तरी वरात साडेबाराला मांडवात येते, पंगती उठेपर्यंत तीन वाजतात, आणि मग आपण तापलेल्या डब्यात बसतो. माझी ओमनी 2006 सालची, बिनाएसीची. ओमनीचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं, त्यामुळे चालवणाऱ्याच्या डोक्यावर सूर्य आणि बुडाखाली चूल. काच उघडावी तर झळा, लावावी तर जीव गुदमरतो.

एसीची किट बसवायचं विचारलं तर मिस्त्रीने जो आकडा सांगितला तो गाडीच्या निम्म्या किमतीचा होता. वर 796 सीसीचं इंजिन. चार माणसं आणि आहेराची भांडी घेऊन चढावर लागली की एसी बंद करावाच लागतो, हे मी दुसऱ्याच्या गाडीत पाहिलेलं. घरी मात्र आमच्याकडे कोणी एसीची वाट पाहत नाही. मार्च संपला की माळ्यावरून कूलर उतरतो, नवं गवत भरलं जातं आणि जून येईपर्यंत घर त्यावर निघतं. हाच कूलर लहान करून गाडीत का बसू नये, एवढाच विचार. दोन उन्हाळे चुकत चुकत तो बसला. तिसऱ्या उन्हाळ्यात नीट चालला, म्हणून आता लिहितो आहे.

आधी आपल्या हवेची किंमत समजून घ्या

कूलर काही थंडी तयार करत नाही. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता ओढून घेतं, आणि हवा जितकी कोरडी तितकं पाणी झपाट्याने उडतं. मुंबईच्या मेमध्ये हा डबा फक्त घाम वाढवील. आपल्याकडे मेच्या दुपारी पारा 45 वर असतो तेव्हा हवेतली आर्द्रता पंधरा टक्क्यांच्या आसपास उतरते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचे आकडे दर उन्हाळ्यात बातम्यांत येतात आणि आपण कपाळावर हात मारतो, पण कूलरच्या दृष्टीने हीच आपली श्रीमंती.

हिशेब सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत. एक किलो बर्फ वितळताना साधारण 334 किलोज्यूल उष्णता खातो. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना जवळपास 2,400 किलोज्यूल खातं. म्हणजे एक लिटर पाणी उडालं की सात किलो बर्फाचं काम झालं. मोबाइलवर थर्मोकोलच्या डब्यात बर्फ भरून वर पंखा लावलेले जे व्हिडिओ फिरतात, ते बघताना हा आकडा डोक्यात ठेवा.

तुमच्या गावात, त्या दिवशी कूलर किती चालेल हे पाच मिनिटांत कळतं. दोन सारखे थर्मामीटर घ्या. ताप बघायचे नकोत, भिंतीवर टांगायचे काचेचे. एकाच्या खालच्या फुगीर टोकाला धोतराची पातळ चिंधी गुंडाळून ती ओली करा. दोन्ही सावलीत पंख्यासमोर धरा. कोरडा 45 दाखवत असेल तर ओला 23–24 पर्यंत उतरतो. या दोघांमधला फरक हे तुमचं भांडवल. दोन इंची पॅडचा छोटा कूलर त्यातला साधारण दोन तृतीयांश वसूल करतो, म्हणजे 45 ची हवा 31 च्या आसपास होऊन अंगावर येते. मृगाच्या दोन-चार सरी पडल्यावर हाच प्रयोग केला तर फरक पाच-सहा अंशांवर येतो, आणि त्या दिवशी कूलर काढून ठेवायचा.

उष्णता आत येऊच देऊ नका

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून सगळे टाळतात. मीही पहिल्या वर्षी टाळलं आणि कूलरला नावं ठेवत बसलो.

ओमनीवाल्यांनी सुरुवात सीटखालून करावी. सीट उचलली की इंजिनावरचं झाकण दिसतं. त्याच्या कडेचं रबर वीस वर्षांत वाळून तुकडे झालेलं असतं. तिथून इंजिनाची गरम हवा आत येते, आणि सायलेन्सरचा जोड कुठे फुटका असेल तर धूरही येतो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस पेंगतो आणि त्याला वाटतं ऊन लागलं. त्यामुळे आधी सायलेन्सरची गळती बघून घ्या, मग रबर बदला, मग बाकीचं. झाकणाच्या वरच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडच्या अंगाला, फॉइल लावलेली आगीला टिकणारी उष्णतारोधक शीट चिकटवा. इंजिनाच्या अंगाला फोम, गोणपाट, जुनी सतरंजी असलं काही ठेवू नका. एका ओळखीच्याने सतरंजी घातली होती. वास आल्यावर गाडी थांबवली म्हणून निभावलं.

मग टप. आतलं पडद्यासारखं रेक्झिन चार स्क्रू आणि कडेच्या पट्ट्या काढल्या की सुटतं. वर थेट पत्रा असतो आणि दुपारी त्याला हात लावता येत नाही. त्या पत्र्याला आतून दहा-बारा मिलिमीटर जाडीची काळी नायट्राइल फोमची शीट चिकटवा, एसीच्या पाइपांना गुंडाळतात तीच. पत्रा आधी कापडाने पुसून, गंज घासून घ्या, नाहीतर पहिल्या आठवड्यात शीट डोक्यावर उतरते. टपावर कॅरिअर असेल तर त्याला पांढरी ताडपत्री ताणून, चारी बाजूंनी घट्ट बांधा. ताडपत्री आणि टप यांच्या मधून वारा खेळला पाहिजे. मांडवाखाली घर थंड का राहतं, तेच तत्त्व. वाहनाचा रंग नोंदणीच्या कागदावर असतो, त्यामुळे निळी-लाल गाडी सरसकट पांढरी रंगवायच्या भानगडीत मी पडलो नाही.

काचांवर काळी फिल्म लावू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये त्यावर बंदी घातली, आणि नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के, बाजूच्या काचेतून 50 टक्के उजेड पार झालाच पाहिजे. गाडी उभी असताना मात्र समोरच्या काचेला आतून चमकती शीट लावा आणि गाडी कडुलिंबाखाली लावा.

एवढं केल्यावर कूलर नसतानाही गाडी आधीपेक्षा सुसह्य होते. माझ्या बायकोचं मत, इथेच थांबलो असतो तरी चाललं असतं.

डबा

कूलरचा सांगाडा मी पहिल्यांदा थर्मोकोलच्या मासोळीच्या खोक्यात केला आणि तो दुसऱ्या खड्ड्यात फुटला. दुसरा पत्र्याचा केला, तो खडखड वाजायचा आणि कडा हाताला लागायच्या. आता जो आहे तो जाड प्लास्टिकचा, झाकणाचा, चौकोनी डबा आहे, तीस-पस्तीस लिटरचा. घरात धान्य भरायला घेतात तसा. प्लास्टिक कापायला सोपं, गंजत नाही आणि वळणावर आवाज करत नाही.

डब्याच्या एका अंगाला फूट बाय फूट खिडकी कापा. खालची कड डब्याच्या तळापासून निदान पाच इंच वर हवी, कारण खालच्या भागात पाणी राहणार आहे. या खिडकीत आतून पॅड बसतं. पॅड कशाचं घ्यायचं यावर आमच्या चौकात बरंच बोलणं झालं. कूलरचं नेहमीचं गवत स्वस्त आणि कुठेही मिळतं, पण गाडीच्या हादऱ्यांनी खाली बसतं, वर फट पडते आणि त्या फटीतून गरम हवा सरळ आत येते. वाळ्याची ताटी वासाला स्वर्ग, पण तिचे धागे सुटून पंपात जातात. मी दोन इंच जाडीचं हनीकोम पॅड (मधाच्या पोळ्यासारख्या भोकांचं, कागदी) करवतीने कापून बसवलं आणि त्याच्या आतल्या बाजूला वाळ्याची बोटभर जुडी दोऱ्याने बांधली. पाणी पडलं की गाडीत आजीच्या घरचा वास येतो.

पॅडच्या समोरच्या अंगाला, वरच्या बाजूला, पंख्यासाठी भोक. इथे मी सर्वात जास्त पैसे वाया घालवले. आधी कॉम्प्युटरचे दोन पंखे लावले. गाडी उभी असताना छान वारा यायचा, पळायला लागली की जवळपास बंद. गाडी वेगात असली की बाजूच्या खिडकीबाहेर हवेचा दाब कमी होतो आणि खिडकी आतली हवा बाहेर ओढते. पात्यांच्या साध्या पंख्यात या ओढीविरुद्ध, वर ओल्या पॅडमधून हवा खेचायची ताकद नसते. मग भंगारवाल्याकडून एका जुन्या कारच्या एसीचा ब्लोअर आणला, गोल पिंजऱ्यासारखा असतो तो. त्याच्यासोबतचा स्पीडचा रेझिस्टर आणि बटणही मागून घ्या. पूर्ण स्पीडला हा ब्लोअर दहा अँपियरच्या वर खातो आणि वारा इतका ओढतो की पॅडवरचे थेंब उडून शर्टावर येतात. मधल्या स्पीडला पाच-सहा अँपियर लागतात आणि फूटभर पॅडला तेवढा वारा बरोबर पुरतो. रेझिस्टर मात्र चांगलाच तापतो. तो ब्लोअरच्या वाऱ्यातच बसवायचा असतो, बाहेर लोंबकळत ठेवला तर प्लास्टिक वितळवतो.

ब्लोअरच्या तोंडाला चार इंची लवचिक पाइप जोडा, स्वयंपाकघरातल्या चिमणीला लावतात तो चालतो. त्याचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या खांद्यामागून छातीकडे वळवा. सगळी गाडी थंड करायच्या मागे लागू नका. चार माणसांच्या अंगावर सरळ वारा पडला तर पुरे, टपाखालची हवा थंड करून काय करायचं आहे?

पाणी आणि पंप

पॅडच्या वरच्या कडेला अर्धा इंची पीव्हीसी पाइप आडवा बसवा, एक टोक बंद करून. दर इंचाला दोन मिलिमीटरचं भोक पाडा आणि भोकं वरच्या बाजूला ठेवा. खाली ठेवली तर पंपाजवळच्या भोकांतून सगळं पाणी जातं आणि शेवटचा कोपरा कोरडा राहतो. वर ठेवली की पाइप आधी पूर्ण भरतो, मग सारखा ओघळतो. कोरडा कोपरा म्हणजे गरम हवेला उघडं दार, म्हणून पहिल्या चाचणीत टॉर्च घेऊन पूर्ण पॅड ओलं होतंय का ते बघा.

पंप 12 व्होल्टचा, पाण्यात बुडणारा छोटा घ्या, सोलर कूलरला लावतात तो. अर्ध्या अँपियरमध्ये भागतं. काच धुवायचा वायपरचा पंप स्वस्तात मिळतो आणि तोही 12 व्होल्टचाच, पण तो चार-पाच सेकंद चालण्यासाठी बनवलेला असतो. मी लावला होता. वीस मिनिटांत जळला.

आता महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे घरोघरी बॅटरीवरचा फवारणी पंप असतो, आणि त्यातली मोटर 12 व्होल्टचीच असते. मोह होतो. त्याची मोटर, नळी, टाकी, गाळणी, काहीही या कूलरला लावू नका, कितीही धुतलं तरी. 2017 च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ते उघड्या शेतात होते. तुम्ही बंद गाडीत, पंख्याने, लेकराच्या तोंडावर तेच पाणी सोडणार आहात. त्या पंपाची बॅटरी पुसून दुसऱ्या कामाला घेता येते, बाकी काही नाही.

पाणी किती लागतं? मधल्या स्पीडला तासाला दीड-दोन लिटर उडतं. डब्यात आठ-दहा लिटर भरलं की पुष्कळ. जास्त भरलं की ब्रेक मारल्यावर ते पुढे उसळतं. माझ्या पहिल्या फेरीत कळंबच्या अलीकडे एका गतिरोधकावर अर्धी बादली पाणी मावशीच्या नव्या पैठणीवर गेलं. मावशी लग्नभर कोणाशी बोलली नाही. त्यानंतर मी डब्याच्या तळाशी प्लास्टिकच्या दोन उभ्या पट्ट्या लावल्या, खाली बोटभर फट ठेवून, आणि पाण्यावर स्पंजाचे जाड तुकडे सोडले. टँकरच्या आत पत्र्याच्या भिंती असतात त्या याचसाठी.

डबा बांधणं

दहा लिटर पाणी आणि सामान धरून डबा पंधरा किलोच्या आसपास जातो. साठच्या वेगाला गाडी धडकली तर तो तुमच्या मानेवर येणार. त्यामुळे सीटच्या मागे टेकवून ठेवणं, दोरीने बांधणं, हे सगळं विसरा. मी चालवणाऱ्याच्या मागची जागा निवडली. उजवीकडचं सरकतं दार रस्त्याच्या बाजूला उघडतं, माणसं तसंही तिकडून उतरू नयेत. डावीकडचं दार पूर्ण मोकळं राहिलं पाहिजे. डब्याखाली अर्धा इंची प्लाय, प्लायला चार कोपऱ्यांत नट-बोल्ट, आणि ते सीट बसवायच्या मूळ भोकांमध्येच. गाडीच्या तळाला नवी भोकं पाडायच्या आधी खाली वाकून बघा, तिथून पेट्रोलची आणि ब्रेकची नळी जाते. डब्यावरून ट्रकवाले वापरतात तो खटक्याचा पट्टा आडवा-उभा ताणून घ्या.

पॅडची बाजू उजव्या खिडकीकडे. माझ्या गाडीत मधल्या दाराची काच मागे सरकते. त्या फटीत पांढऱ्या फोमशीटचा तुकडा मापाने कापून बसवला, त्याला भोक पाडून ताडपत्रीच्या कापडाचा बोगदा पॅडपर्यंत आणला. हा बोगदा वेल्क्रोने सुटतो, नाहीतर दार उघडताना फाटेल. गाडीच्या बाहेर काही डोकावणार नाही हे बघा. बाहेर आलेला डबा दुचाकीवाल्याच्या डोक्याला लागू शकतो. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची बंधनं आहेत. माझा सगळा जुगाड अर्ध्या तासात पान्याने सुटतो आणि गाडी होती तशी होते.

वायर

इथे दादागिरी करू नका. गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये, म्हणजे टेपच्या किंवा हॉर्नच्या वायरीत, ब्लोअर जोडू नका. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून स्वतंत्र तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची वायर काढा. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत पंधरा अँपियरचा फ्यूज. फ्यूज ब्लोअरजवळ लावून उपयोग नाही. मधे कुठे वायर घासून पत्र्याला लागली तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर लाल होते आणि फ्यूज बघत बसतो. पत्र्यातून वायर जाईल तिथे रबराचं बूच लावाच. मी पहिल्या वर्षी फ्यूज ‘नंतर लावू’ म्हटलं आणि घाटंजी रोडवर सीटखालून धूर निघाला. सोबतचा पोरगा ओरडला, “भाऊ, एसीतून वाफ निघून रायली!”

फ्यूजनंतर 30 अँपियरचा चार पिनी रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा खटका, हॉर्नला लावतात तो. त्याची कॉइल चावी फिरवल्यावरच करंट येणाऱ्या वायरीवर घ्या, मधे एक छोटं बटण. म्हणजे चावी काढली की कूलर आपोआप बंद. पंपाला वेगळं बटण ठेवा, निघायच्या आधी पाच मिनिटं पॅड भिजवता येतं आणि पोचण्याच्या दहा मिनिटं आधी पंप बंद करून पॅड वाळवता येतं. निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला जोडताना रंग खरवडून उघडा पत्रा काढा.

सगळं मिळून सहा-साडेसहा अँपियर होतात, एका हेडलाइटपेक्षा थोडंच जास्त. इंजिन चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणारं यंत्र, हे सहज पेलतो. इंजिन बंद ठेवून मात्र अर्ध्या तासाच्या वर चालवू नका. छोट्या गाडीची बॅटरी 35 अँपियर-अवरची, तीही जुनी. मग मांडवाबाहेर धक्का मारायला पाहुणे गोळा करावे लागतात.

गाडी एलपीजी किटवर असेल तर ब्लोअर सिलिंडरपासून लांब ठेवा. ब्रशच्या मोटरमध्ये ठिणग्या पडतात. गॅसचा जराही वास येत असेल तर आधी किटवाल्याकडे जा.

काच किती उघडायची

घरचा कूलर खिडकीत लावून दार उघडं ठेवतो, तसंच इथे. बाहेरची कोरडी हवा पॅडमधून आत आणि आतली ओली हवा दुसरीकडून बाहेर. मी पहिल्यांदा एसीसारख्या सगळ्या काचा लावल्या आणि गाडीतलीच हवा फिरवली. दहा मिनिटांत समोरची काच धुरकट झाली, शर्ट अंगाला चिकटला, आणि वडील म्हणाले, “हे त कपडे वाळू घालायच्या खोलीवानी झालं.” डावीकडची पुढची काच दोन बोटं खाली ठेवा. मागे बसणाऱ्यांना वारा हवा असेल तर मागच्या डाव्या काचेलाही फट द्या. वारा नेहमी फटीकडे पळतो, त्यामुळे फट ज्याच्या पलीकडे, त्या माणसाला थंडावा जास्त. पुढे ट्रक धूर सोडत असेल तर दोन मिनिटं ब्लोअर बंद करा, पॅड धूर गाळत नाही.

धूळ मात्र गाळतं. काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावरून एकदा जाऊन आलं की पॅडवर चहासारखं पाणी ओघळताना दिसतं.

उघड्या जीपला आणि कमांडरला यातलं काही लागू पडत नाही. तिथे ताडपत्रीच्या टपावर दुसरी पांढरी ताडपत्री, आणि गळ्यात ओला दुपट्टा. झालं.

बर्फ आणि इतर कल्पना

कूलरच्या टाकीत बर्फ टाकून फायदा होतो का, हे सगळे विचारतात. फारसा नाही, वरचा सातपटीचा हिशेब बघा. बर्फ टाकायचाच असेल तर पाऊस पडून हवा दमट झाल्यावर, आणि वेगळ्या पद्धतीने. गाडीच्या हीटरची छोटी जाळी भंगारात मिळते. बर्फाचं पाणी पंपाने त्या जाळीतून फिरवा आणि ब्लोअरचा वारा जाळीतून सोडा. पाणी बंद नळीत फिरतं म्हणून हवा दमट होत नाही. पण एक टन एसी म्हणजे मुळात दिवसाला एक टन (अमेरिकी टन, साधारण 907 किलो) बर्फ वितळण्याइतकी थंडी, तासाला साधारण 38 किलो. दहा किलोची लादी एक टन एसीचं पंधरा-सोळा मिनिटांचं काम करते. त्यात आपला जाळीचा जुगाड निम्म्या ताकदीने चालला तर अर्धा तास. आजारी माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला हे ठीक आहे, रोजच्यासाठी बर्फवाल्याचं घर चालेल, आपलं नाही.

सुका बर्फ गाडीत आणूच नका, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि बंद गाडीत माणूस बेशुद्ध पडतो. घरचा एसी इन्व्हर्टरवर लावायची कल्पनाही एकाने मांडली होती. एक टनाचा एसी हजार वॉटच्या पुढे खातो, म्हणजे बॅटरीकडून नव्वद-शंभर अँपियर. जुन्या छोट्या गाडीचा अल्टरनेटर तेवढं देऊच शकत नाही. जुन्या एसीत घरगुती गॅस भरणारे मिस्त्री आहेत. गळती झाली की तो गॅस ब्लोअरमधून थेट गाडीत येतो. तिकडे फिरकू नका.

आणि हा कूलर आहे म्हणून लेकरू किंवा म्हातारं माणूस बंद उभ्या गाडीत सोडून जाऊ नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा. कोणी बरळायला लागलं, अंग तापून भट्टी झालं, तर सावलीत आडवं करून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन लावा. कांदा खिशात ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर दवाखाना लांबवू नका.

निगा

आमच्या बोअरचं पाणी जड आहे. पंधरा दिवसांत पॅडवर पांढरा थर चढतो आणि पाइपची भोकं बुजतात. लिंबूसत्व कोमट पाण्यात घालून तासभर पंपाने फिरवलं की थर सुटतो, मग साध्या पाण्याने दोनदा धुवायचं. भोकं सुईने मोकळी करा. शक्य असेल तर विहिरीचं किंवा नळाचं हलकं पाणी वापरा.

आठवड्यातून एकदा डबा पूर्ण रिकामा करून, घासून, उन्हात वाळवा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि डब्यात पाणी ठेवून चार दिवस उभी राहिलेली गाडी त्याला मोठी सोयीची. मुक्कामाला गेलो की मी डब्याच्या तळाशी लावलेला छोटा नळ उघडून पाणी अंगणातल्या तुळशीला सोडतो. हा नळ आधीच बसवून घ्या, नाहीतर तेवढं पाणी तांब्यातांब्याने उपसावं लागतं.

मृगाचं आभाळ भरून आलं की सगळं सोडवायचं. बोगदा, डबा, प्लाय, वायरच्या टोकाला टेप. पॅड तीन दिवस कडक उन्हात वाळवून गोणपाटात गुंडाळायचं, सोबत चार कडुलिंबाची पानं, म्हणजे उंदीर-झुरळं थोडी लांब राहतात. ब्लोअरला एकदा कोरडाच चालवून त्यातलं पाणी उडवा. मागच्या वर्षी मी हे विसरलो आणि मार्चमध्ये त्याचा पिंजरा गंजून जाम झालेला सापडला. रॉकेल घालून, हाताने फिरवत, अर्धा दिवस त्यात गेला.